माती, समाधी, कबर, छत्री: कोणासाठी कोणता शब्द

पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या गावात कोणी दोन दिवस दिसला नाही आणि "कुठं होतास?" म्हणून विचारलं, तर उत्तर येतं, "पाहुण्यांत मातीला गेलो होतो." त्या पाहुण्याला नदीकाठी अग्नी दिलेला असतो. तरी गेला तो मातीलाच. फोनवर निरोप येतो तोही असाच: "माती उद्या सकाळी नऊला." तिसऱ्या दिवशी राख सावडायला जातात, त्यालाही काही घरांत माती सावडणं म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या दहन करणाऱ्या घरांच्या बोलण्यात माती अशी मुरलेली आहे.

छापील मराठीत मात्र वेगळंच दिसतं. मृतदेह जमिनीत ठेवला की बातमीत एकच क्रियापद येतं: दफन केलं. मृताची जात, पंथ, धर्म, वय काहीही असो. आणि जमिनीवर दगडी चौथरा दिसला की त्याला कबर, समाधी किंवा थडगं यातला जो शब्द आधी आठवेल तो लावला जातो. यात माणसं दुखावतात. लिंगायत घरातल्या आजोबांच्या बातमीत "दफन" वाचून घरच्यांना वाईट वाटतं, कारण त्यांनी आजोबांना समाधी दिलेली असते. दर्ग्याला "थडगं" म्हटलेलं वाचून तिथं दर गुरुवारी जाणाऱ्या माणसाला वाटतं, हे लिहिणाऱ्याला आपल्याबद्दल काही माहीत नाही. शब्द चुकतो तो बहुतेक वेळा अज्ञानानं, द्वेषानं नाही. म्हणून हे शब्द एकदा नीट उलगडून ठेवावेत असं मला मनापासून वाटतं.

गोंधळाचं मुख्य कारण असं की आपण चार निरनिराळ्या गोष्टी एकात मिसळतो. पहिली म्हणजे क्रिया, देह मातीत ठेवण्याची. दुसरी, देह जिथं आहे ती नेमकी जागा. तिसरी, त्या जागेवर उभं केलेलं बांधकाम. चौथी, गावाने किंवा समाजाने या कामासाठी राखलेली सगळी जमीन. दफन हा पहिल्या गोष्टीचा शब्द. कबर दुसरीचा. मकबरा, छत्री हे तिसरीचे. कब्रस्तान, दफनभूमी, रुद्रभूमी हे चौथीचे. समाधी हा एकटा शब्द पहिल्या तिन्ही ठिकाणी वावरतो, म्हणून त्याच्यापाशी सगळ्यात जास्त घोटाळा होतो.

आधी क्रियापदं पाहू. गाडणं आणि पुरणं यांत मराठी माणूस न शिकता फरक करतो. गाडतात ते शत्रूला, खांबाला, मेलेल्या जनावराला. "इथंच गाडीन" ही धमकी आहे. पुरतात ते धन, किंवा घरातलं लाडकं कुत्रं, किंवा तान्हं मूल. पुरण्यात जपून ठेवण्याची छटा आहे, पण विधीची नाही. मोठ्या माणसाबद्दल बोलताना मात्र क्रियापद बदलून "देणं" येतं: माती दिली, मूठमाती दिली, समाधी दिली. जुन्या मराठीत भूमिडाग असाही शब्द आहे. दहनाला "डाग देणं" म्हणत, त्याच्याच जोडीनं जमिनीत ठेवण्याला भूमिडाग. इथंही देणंच.

मूठमाती या शब्दाची आज दुर्दशा झाली आहे. "जुन्या रूढींना मूठमाती द्या" अशा वाक्यांतच तो उरला आहे, जणू नकोशी गोष्ट फेकून देणं. मूळ कृती याच्या अगदी उलट. खड्ड्यात देह ठेवल्यावर तिथं आलेला प्रत्येक जण हातात मूठभर माती घेतो आणि सोडतो. मातीचा मोठा ढीग नंतर फावड्यानं लोटतात, पण पहिली माती हातानं द्यायची. मुसलमान घरांतही हेच आहे. दख्खनी बोलीत "मिट्टी देना" म्हणतात. तीन वेळा माती देताना कुराणातली एक आयत म्हणतात, तिचा अर्थ असा: यातूनच आम्ही तुम्हाला घडवलं, यातच परत नेऊ, आणि यातूनच पुन्हा बाहेर काढू. "मातीला जाणं" म्हणणारा कुणबी आणि "मिट्टी देना" म्हणणारा त्याचा शेजारी यांची क्रिया वेगळी आहे, शब्द जवळजवळ एकच आहे. मयत हा शब्दही दोघांच्या घरी तितकाच सहज आहे. तो अरबीतून आला, पण "मयताला गेलो होतो" म्हणणाऱ्या कोणालाही तो परका वाटत नाही.

"पुरणं ही आपली पद्धत नाही" असं अनेक जण ठामपणे सांगतात. ते खरं नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं अठरावं सूक्त वाचावं. त्यात मृताला सांगितलं आहे, "उप सर्प मातरं भूमिम्", या भूमिमातेकडे जा. आणि पुढं भूमीला विनवलं आहे की आई जशी पदराच्या टोकानं मुलाला झाकते तशी तू याला झाक. जगातल्या कुठल्याही भाषेत दफनाबद्दल यापेक्षा मायेनं कोणी बोललं असेल असं मला वाटत नाही. त्याच मंडलात पितरांना बोलावताना "अग्निदग्ध" आणि "अनग्निदग्ध" अशा दोघांनाही हाक मारली आहे. म्हणजे ज्यांना अग्नी मिळाला तेही आणि ज्यांना मिळाला नाही तेही पितरच.

स्मशान हा शब्दही आज आपल्याला फक्त चितेची आठवण करून देतो. वैदिक शब्दांची फोड करून सांगणाऱ्या यास्काच्या निरुक्त या ग्रंथात त्याची फोड "श्मशयन" अशी आहे, म्हणजे शरीर जिथं निजतं ती जागा. शतपथ ब्राह्मणात स्मशान म्हणजे रचलेला ढिगारा. दैवी प्रजा तो चौकोनी करतात आणि आसुरी व पूर्वेकडचे लोक गोल करतात असं तिथं म्हटलं आहे. यातलं कोण थोर आणि कोण हीन हा त्या ग्रंथकाराचा दृष्टिकोन. आपल्यापुरती नोंद एवढीच की अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीही मृताच्या जागेच्या आकारावरून माणसं एकमेकांना ओळखत होती. याच स्मशानाचं प्राकृतातून मसण झालं. मसणवटा, मसणजोगी, "मसणात गेलं ते" असे शब्द त्यातूनच निघाले.

गोल आकाराच्या जागा विदर्भात आजही दिसतात. नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड इथं मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत. पुरातत्त्वाचे अभ्यासक त्यांना शिळावर्तुळं म्हणतात. ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली, लोखंड वापरणाऱ्या लोकांची दफनं आहेत. काहींत माणसाबरोबर घोड्याचे अवशेष, घोड्याच्या तोंडातली कडियाळी आणि तांब्याचे दागिने मिळाले.

त्याहूनही जुनं उदाहरण पुणे जिल्ह्यात घोडनदीच्या काठी इनामगावला आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून पुढची बरीच वर्षं तिथं उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची ती वस्ती. तिथल्या लोकांनी लहान मुलं गेली की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवली, आत मुलाला ठेवलं, आणि हे सगळं घराच्या जमिनीखाली, राहत्या खोलीत पुरलं. मोठ्या माणसांना डोकं उत्तरेला करून उताणं ठेवत आणि बहुतेकांची पावलं घोट्याखाली तोडलेली आढळली. का, याचं उत्तर अभ्यासक वेगवेगळं देतात. मृताचा आत्मा चालून परत येऊ नये, हा त्यातला एक तर्क. एका पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या आवारात तर चार पायांचा मातीचा रांजण निघाला आणि त्यात बसलेल्या स्थितीत ठेवलेला माणूस. गावातली ती कोणीतरी मानाची व्यक्ती असणार.

मुलांना घरात ठेवायची ही रीत पुढं नाहीशी झाली, पण तान्ह्या मुलांना अग्नी द्यायचा नाही हे टिकलं. याज्ञवल्क्य स्मृतीत स्पष्ट आहे: दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर "निखनेत्", म्हणजे पुरावं. मनुस्मृतीतही तेच वय आहे. आजही दहन करणाऱ्या जवळजवळ सगळ्या घरांत तान्ह्या बाळाला पुरतातच. म्हणजे "आमच्यात पुरत नाहीत" म्हणणाऱ्या घरातही कोणीतरी, कधीतरी, एखाद्या आईच्या डोळ्यांआड मातीत ठेवलेलं असतं. त्याबद्दल घरात बोललं जात नाही, म्हणून ते आठवत नाही.

मुलाला अग्नी का नाही आणि संन्याशाला का नाही, या दोन प्रश्नांची उत्तरं एकत्र वाचली की समाधी हा शब्द कळायला लागतो. परंपरेच्या हिशेबानं दहन हा शेवटचा संस्कार, अंत्येष्टी, म्हणजे शेवटचा यज्ञ. तान्ह्या मुलाचे मुख्य संस्कार अजून व्हायचेच असतात. संन्याशाने संन्यास घेताना अग्नीचा त्याग केलेला असतो, स्वतःचं श्राद्धही करून टाकलेलं असतं. एकाचं खातं उघडलेलं नाही, दुसऱ्याचं बंद झालेलं आहे. दोघांनाही माती.

संन्याशाला, गोसाव्याला, नाथपंथीयाला मातीत ठेवतात ते बसवून, ध्यानाच्या आसनात, अनेक ठिकाणी भोवती मीठ घालून. समाधी हा मुळात योगातला शब्द, चित्ताच्या पूर्ण एकाग्रतेचा. पतंजलीच्या आठ अंगांमधलं ते शेवटचं अंग. माणूस गेला असं न मानता तो त्या अवस्थेत बसला आहे असं मानायचं, म्हणून समाधी "घेतली" किंवा "दिली". पुढं त्या क्रियेवरून जागेलाही समाधी म्हणू लागले आणि जागेवरून वरच्या दगडी बांधकामालाही.

या शब्दाला मराठीत जे वजन आलं ते आळंदीमुळं. शके १२१८, म्हणजे इसवी सन १२९६, कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. तिला संजीवन समाधी म्हणतात, म्हणजे जिवंतपणी स्वेच्छेने घेतलेली. वारकऱ्याच्या तोंडी "माउलींची समाधी" हे शब्द येतात तेव्हा तो मृत्यूच्या जागेबद्दल बोलत नसतो. तो माउलींना भेटायला निघालेला असतो. सोपानदेवांची समाधी सासवडला, निवृत्तिनाथांची त्र्यंबकेश्वरी. मुक्ताबाईंबद्दल तर परंपरा असं सांगते की त्या तापीकाठी विजेच्या कडकडाटात गुप्त झाल्या. तिथं देह नाहीच, तरीही समाधीस्थान आहे आणि दिंड्या तिथूनही निघतात.

चोखोबांची समाधी पंढरपुरात विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून चोखोबा आणि इतर मजूर गाडले गेले. परंपरा सांगते की नामदेवांनी त्या ढिगाऱ्यातली हाडं एकेक कानाला लावली, ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून पंढरपूरला आणली आणि समाधी बांधली. जिवंतपणी ज्यांना देवळात पाऊल टाकू दिलं नाही त्यांच्या अस्थी दारासमोर ठेवल्या गेल्या. इथं "गाडले गेले" आणि "समाधी दिली" ही दोन क्रियापदं एकाच माणसाच्या बाबतीत एकामागून एक येतात आणि त्यांच्यामधलं सगळं अंतर नामदेवांनी चाललेलं आहे.

लिंगायतांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांच्यात समाधी फक्त साधूंसाठी राखलेली नाही, ती सगळ्यांनाच आहे. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या काळात उभ्या राहिलेल्या या विचारात इष्टलिंग, म्हणजे अंगावर बाळगायचं छोटं लिंग, धारण करणारा माणूस शिवापासून वेगळा नाहीच. मग त्याला शुद्ध करायला अग्नी कशाला? म्हणून मृत्यूला ते लिंगैक्य म्हणतात. देहाला स्नान घालून, विभूती लावून, सजवलेल्या विमानात, म्हणजे पालखीत, बसवून नेतात आणि डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून बसलेल्या स्थितीतच माती देतात. त्या जमिनीला रुद्रभूमी म्हणतात. बीडजवळ कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे. त्यांनी मराठीतून लिहिलं. कार्तिक पौर्णिमेला तिथं मोठी गर्दी होते. लिंगायत माणसाच्या बातमीत म्हणून "लिंगैक्य झाले" आणि "समाधी देण्यात आली" असं लिहावं. दफन हा शब्द तिथं चुकीचा म्हणता येणार नाही, पण तो परका आहे.

आता समाधीची दुसरी बाजू. रायगडावर शिवाजी महाराजांची समाधी आहे. महाराज ३ एप्रिल १६८० रोजी गेले आणि त्यांना गडावरच अग्नी दिला. रावेरखेडीला नर्मदाकाठी पहिल्या बाजीरावाची समाधी आहे, तीही दहनाच्या जागेवरची. म्हणजे समाधीखाली देह असतोच असं नाही. तिथं रक्षा असेल, अस्थी असतील, किंवा फक्त जागेची खूण असेल. इतिहासावर लिहिणारे हौशी लेखक इथं फार घसरतात. "समाधी" वाचलं की "इथे पुरले" असं लिहून टाकतात.

राजघराण्यांत याच खुणेवर छत्री बांधायची पद्धत आली. छत्र हे राजाच्या डोक्यावरचं चिन्ह, ते मृत्यूनंतरही राहावं म्हणून दगडी छत्री. पुण्यात वानवडीला महादजी शिंद्यांची छत्री आहे. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीलाच वारले. त्या रस्त्यावरून जाणाऱ्या कित्येकांना शिंदे छत्री हे केवळ स्टॉपचं नाव वाटतं. छत्री हा बांधकामाचा शब्द आहे, तिच्याखाली काय आहे ते तो सांगत नाही.

बांधकाम आणि जागा यांतला फरक समजून घ्यायला महाराष्ट्रात खुलताबादसारखं दुसरं ठिकाण नाही. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाताना हे गाव लागतं. त्याचं जुनं नाव रौजा. रौजा म्हणजे बाग, आणि आदरानं थोर व्यक्तीच्या मृत्यूनंतरची जागा. चौदाव्या शतकात बुऱ्हानुद्दीन गरीब आणि जैनुद्दीन शिराझी हे चिश्ती सूफी इथं विसावले. त्यांचे ते दर्गे. दर्गा या फारसी शब्दाचा अर्थ दरबार, उंबरठा. सूफीची कबर, तिच्यावरचा घुमट, अंगण, मशीद, नगारखाना, लंगर असं सगळं मिळून दर्गा होतो. त्यातल्या नेमक्या कबरीला आदरानं मजार म्हणतात. मजार म्हणजे जिथं भेटीला, जियारतीला जातात ती जागा. म्हणून प्रत्येक मजार ही कबर असते, पण प्रत्येक कबर मजार नसते. सामान्य माणसाची कबर ही कबरच.

औरंगजेब १७०७ साली आजच्या अहिल्यानगरजवळ भिंगारला वारला आणि त्याला खुलताबादला आणून जैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात ठेवलं. त्याच्या इच्छेप्रमाणं ती कबर साधी आहे: वर घुमट नाही, छत नाही, मध्ये माती उघडी. भोवतीची संगमरवरी जाळी फार नंतरची, लॉर्ड कर्झनच्या वेळची. बादशहाला मृत्यूनंतर "खुल्द-मकान" ही पदवी मिळाली, म्हणजे ज्याचं घर शाश्वतात आहे तो. त्यावरून रौजाचं खुलताबाद झालं. याच गावात निजामशाहीचा वजीर मलिक अंबर आहे. तो १६२६ मध्ये वारला. त्याच्यावर मात्र घुमट असलेला भक्कम मकबरा आहे. ज्यानं आयुष्यभर मुघलांशी झुंज दिली त्या वजिराला मकबरा आणि मुघल बादशहाला उघडी कबर, आणि अंतर पायी चालण्याइतकं. त्या बादशहाच्या बेगमेचा, दिलरस बानूचा, बीबी का मकबरा संभाजीनगरात आहे. मकबरा म्हणजे कबर जिच्यात आहे ती इमारत. तिथंही आत गेल्यावर जाळीवरून खाली वाकून पाहिलं तर तळाशी कबर दिसते. इमारत केवढी, आणि जिच्यासाठी ती आहे ती जागा केवढी!

दर्ग्याचा वार्षिक दिवस म्हणजे उरूस. तो मृत्यूचा दिवस, पण शब्दाचा अर्थ लग्न: साधूचं परमेश्वराशी मीलन झालं तो दिवस. कोल्हापूर, सांगली, सातारा या बाजूला हा शब्द इतका आपलासा झाला की गावदेवाच्या जत्रेलाही लोक उरूस म्हणतात. त्या जत्रेत कुस्त्यांचा फड असतो, पाळणे असतात, आणि पिराला गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चढवायला पाटलांच्या घरचा मान असतो. ज्ञानेश्वरांच्या समाधीचा सोहळा आणि पिराचा उरूस या दोन शब्दांत मृत्यू कुठंच दिसत नाही, हे मला फार सुंदर वाटतं.

थडगं हा शब्द या सगळ्यांत कोरडा. त्यात कोण, कुठल्या श्रद्धेचं, काहीच कळत नाही. फक्त दगडचुन्याचं काहीतरी बांधलेलं आहे एवढंच. गावाबाहेरच्या पडक्या, ओळख हरवलेल्या जागेला तो ठीक. इंग्रजांच्या छावणीजवळ "साहेबाचं थडगं" असतं. पण ज्याचे नातेवाईक जिवंत आहेत, जिथं अजून फूल ठेवलं जातं, त्या जागेला थडगं म्हणू नये. मराठी ख्रिस्ती माणूस आपल्या आईच्या जागेला कबरच म्हणतो, आणि ईस्टरला तो रिकाम्या कबरेबद्दलच बोलतो.

ख्रिस्ती दफनभूमीला गोव्यात कोंकणीत सिमितेर म्हणतात. हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द, त्याच्याही मागं ग्रीक शब्द, त्याचा अर्थ झोपण्याची जागा. यास्काचं "श्मशयन" आठवा. एकमेकींच्या दूरच्या नात्यातल्या दोन भाषांनी मृताला निजवलंच. कबरीच्या खड्ड्याला कोंकणीत फोंड म्हणतात. जुन्या गोव्यातल्या चर्चमध्ये आणि वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये फरशीकडे पाहून चालावं, कारण घराण्यांची मानचिन्हं कोरलेल्या त्या शिळा म्हणजे कबरीच आहेत. वसईत २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, संध्याकाळी दफनभूमी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरून जाते. गर्दीच्या गावा-शहरांत जागा अपुरी म्हणून काही वर्षांनी कबर उघडून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात हलवतात आणि तीच जमीन पुढच्या माणसाला मिळते. त्यामुळं "कायमची कबर" आणि साधी कबर असा फरक तिथल्या लोकांच्या बोलण्यात असतो.

कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले ज्यू, शेकडो वर्षं मराठी बोलत आले. अलिबागजवळ नवगावला त्यांची सगळ्यात जुनी दफनभूमी आहे. गलबत फुटून सात जोडपी वाचली आणि बुडालेल्यांचे देह इथं दोन ढिगाऱ्यांखाली, पुरुषांचे एकात आणि बायकांचे एकात, ठेवले अशी त्यांची परंपरा आहे. त्यांच्या कबरींच्या दगडांवर हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही लिपी दिसतात. हिब्रूत दफनभूमीला आदरानं "जिवंतांचं घर" म्हणतात. पारशांची पद्धत दफनाची नाही. त्यांच्या वर्तुळाकार दोखम्यात देह मातीला आणि अग्नीला दोघांनाही स्पर्श न होता ठेवायचा असतो. मुंबईच्या मलबार हिलवरची डुंगरवाडी ती हीच. जिथं दोखमा नाही तिथं पारशी लोक दफन करतात आणि त्या जागेला आरामगाह म्हणतात.

आता ज्या जागा कबरीसारख्या दिसतात पण नाहीत त्या. देवळाबाहेर उभे असलेले, लढाईची दृश्यं कोरलेले दगड म्हणजे वीरगळ. ती वीराची स्मृतिशिळा आहे, त्याखाली देह शोधू नये. काटकोनात दुमडलेला बांगड्या भरलेला हात कोरलेला असेल तर ती सतीशिळा. महानुभावांच्या स्थानांवर चौकोनी ओटे दिसतात. पाहणाऱ्याला समाधी वाटते, पण चक्रधरस्वामी जिथं बसले, थांबले, जेवले त्या जागांची ती खूण आहे. स्तूपाचं याच्या उलट: तो खरोखर अस्थींवर रचलेला ढिगारा आहे, निदान मूळ कल्पनेत. दादरची चैत्यभूमी स्तूपाच्या आकाराची आहे. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत गेले आणि दुसऱ्या दिवशी या चौपाटीवर त्यांना अग्नी दिला. तिला समाधी किंवा स्मारक म्हटलेलं कधीकधी छापून येतं. लाखो माणसं जे नाव घेऊन तिथं येतात तेच छापावं.

शिरूर तालुक्यात पाबळला मस्तानी आहे. ती १७४० साली, बाजीरावापाठोपाठ गेली. कोणी त्या जागेला मस्तानीची कबर म्हणतं, कोणी मजार, कोणी समाधी. प्रणामी पंथाच्या घरात वाढलेली, आई मुसलमान असल्याचं सांगितलं जाणारी, पेशव्याच्या घरात आलेली ती. कुठला शब्द बरोबर असं विचारलं तर मी म्हणेन, पाबळचे लोक म्हणतील तो. त्यांनी ती जागा इतकी वर्षं सांभाळली आहे आणि त्यांना तीन शब्दांची अडचण होत नाही.

अडचण होते ती सरकारी कागदावर. गावाची कुठली जमीन कशासाठी राखायची हे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २२ नुसार जिल्हाधिकारी ठरवू शकतात. गायरान, गावठाण यांच्याबरोबर त्यात दहन आणि दफनाच्या जागाही येतात. दफनाच्या जागेत घुसखोरी करून कोणाच्या भावना दुखावल्या तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०१ लागतं. तिथं कबर की समाधी, दर्गा की सिमितेर असा भेद कायदा करत नाही. पण सातबाऱ्यावर मात्र शब्द लागतो. "स्मशानभूमी" लिहिलेलं असलं की गाव तिला दहनाची जागा समजतं, "कब्रस्तान" लिहिलेलं असलं की मुसलमानांची. नाथपंथी डवरी गोसावी, मसणजोगी यांच्यासारख्या समाजांत माती देतात. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या भटकत राहिले, त्यामुळं बहुतेक गावांत त्यांच्या नावाचा शब्द कुठल्याच उताऱ्यावर नाही. घरात मयत झाली की त्यांना ओढ्याकाठची किंवा गायरानाची जागा शोधावी लागते आणि कधी गावाचा विरोधही सोसावा लागतो. तुमच्या गावात अशी घरं असतील तर ग्रामसभेत दफनभूमीसाठी जागा मागायचा ठराव मांडता येतो. ठराव लिहिताना "स्मशानभूमी" एवढंच न लिहिता "दहन व दफनभूमी" असं लिहावं आणि ज्यांच्यासाठी ती जागा आहे त्या समाजाचा उल्लेख त्यांच्या संमतीने करावा. पुढं जमिनीचा वाद उभा राहिला तर हेच शब्द वाचले जातात.